जाधवांची वायर

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचं इंटरनेट मी मुद्दाम हळू केलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वाचायला किती किरकोळ वाटतं पाहा. कुणाचं पाणी तोडलं नाही, कुणाच्या खोलीला कुलूप घातलं नाही. पडद्यावरच्या एका चौकटीत एक आकडा टाकला आणि ‘सेव्ह’ दाबलं, एवढंच. पण दर वर्षी मे सरत आला आणि लिफ्टमध्ये निकालांच्या, कॉलेजांच्या गप्पा सुरू झाल्या की तो आकडा मला आठवतो. मग पंधरा-वीस दिवस मी घरात विनाकारण चिडचिड करत हिंडतो. घरच्यांना वाटतं, उकाडा.

यंदा तर तो हंगाम घरातच येऊन बसलाय. सोहमची बारावी झाली, सीईटी झाली, आता ऑप्शन फॉर्म. जेवणाच्या टेबलावर कॉलेजांच्या याद्या, कोड नंबर, मागच्या वर्षीचे कटऑफ, त्यावर आमटीचे डाग. आणि दर पंधरा मिनिटांनी आतल्या खोलीतून हाक येते, “बाबा, नेट!” जसं काही नेट माझ्या खिशात असतं आणि मी ते सुट्ट्या पैशांसारखं काढून देतो. मी उठतो, भिंतीवरच्या डब्याकडे बघतो. हिरवे दिवे निवांत लुकलुकत असतात.

“चालू आहे रे.”

“स्लो आहे!”

मनीषा कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते. ती हातानेच खूण करते, दोघंही गप्प बसा. तीन माणसं, सात यंत्रं, एक कनेक्शन. वेग तेव्हाच्यापेक्षा कितीतरी पट जास्त, तरी घरातली धुसफूस तीच आणि शेवटी प्रश्नही तोच, “पण ओढतंय कोण एवढं?” परवा सोहमने हे विचारलं आणि मी हातातला चहाचा कप ओट्यावर जरा जोरात ठेवला. कान फुटला. कपाचा.

‘ओढतंय कोण?’ हा प्रश्न मी एकदा विचारला होता आणि त्याचं उत्तर मीच देऊन टाकलं होतं.

तेव्हा याच जागेवर आमची चाळ होती. लालबागचा बाजार एका अंगाला, परळचे दवाखाने दुसऱ्या. आमचा तिसरा मजला. मी फोर्टात एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो आणि घरी आल्यावर बाहेरची ड्रॉइंगं करून द्यायचो. ती पाठवायला घरी नेट हवं, म्हणून मी कनेक्शन घेतलं. माझी खोली जिन्याला लागून, म्हणून लाइन माझ्याकडे आली. मजल्यावर बातमी पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. संध्याकाळी दारात गावडेकाकी, त्यांची लेक दुबईत. “काय रे झिला, नेट घेतलंस म्हणे? माजा चेडू दुबयत. तेचा तोंड दिसात काय तेच्यात?” त्यांच्या मागून मधल्या खोलीतले दोघे भाऊ, आणि सगळ्यांत शेवटी, जरा अंतर ठेवून, जाधव. चौघांत एक कनेक्शन वाटून घ्यायचं ठरलं. चाळीत सगळंच वाटून असायचं, नळ, मोरी, पेपर. त्यात हे एक.

जाधव परळच्या एका रुग्णालयात इलेक्ट्रिशियन होते. वडील गिरणीत गेले, म्हणजे तिथेच झिजून गेले. मुलाच्या हातात मात्र कला होती. मजल्यावर कुणाचा पंखा घरघरला, कुणाच्या बोर्डात ठिणगी उडाली की जाधव. मंडळाच्या गणपतीची रोषणाई जाधवांची. स्वतःच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखालचा छोटा दिवा त्यांनी असा जोडला होता की वायर कुठून येते ते कळायचंच नाही. कानामागे पेन्सिल, खिशात टेस्टर. “सावंत, बोर्ड उघडला की बोलायचं नाय. ऐकायचं. तो सांगतो,” असं म्हणायचे.

नेटची वायर त्यांनी जन्मात पहिल्यांदा हाताळली ती आमच्यासाठी. एका वायरीच्या पोटात आठ बारीक तारा, आठ रंगांच्या, आणि त्या ठरलेल्या क्रमानेच जॅकमध्ये घालायच्या. कुणाकडून तरी त्यांनी तो क्रम कागदावर लिहून आणला आणि दोन दिवस पाढ्यासारखा पाठ केला. “पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा…” गॅलरीत स्टुलावर उभे राहून, तोंडात खिळे धरून त्यांचा हा पाढा चालायचा. खाली त्यांची मुलगी प्रज्ञा वायरीचं भेंडोळं सोडत उभी. बारावीत होती तेव्हा. “बाबा, निळ्यानंतर पांढरा-निळा. तुम्ही हिरवा घेतला.” “अगं घेतला नाय, धरला फक्त.”

सगळ्यांच्या वायरी झाल्यावर त्यांनी आपली ओढली. त्यांची खोली माझ्यापासून सर्वांत लांब, कोपऱ्यावरून वळून. कपड्यांच्या दोऱ्यांच्या वरून, पत्र्याच्या खालून, प्रत्येक वितीवर क्लिप मारून ती वायर इतकी सरळ गेली होती की मी ड्रॉइंगमध्येही तशी रेघ क्वचित मारली असेल.

पहिले दोन-तीन महिने कौतुकात गेले. मग सुरू झाला तो ताप.

तो उन्हाळा आठवला की आधी कानात हाका येतात. “सावंत, नेट गेलं काय?” “सावंतकाका, नेट!” “झिला, माजा चेडू बोलता बोलता फोटोसारख्या थिजला रे!” मोडेम माझ्या घरात म्हणून मी मजल्याचा नळवाला झालो होतो. जेवताना उठायचं, डबा बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, चालू करायचा. लाल दिवा, लाल दिवा, मग हिरवा. गॅलरीत पापड वाळत घातलेले, त्यांचा हिंगाचा वास, पंख्याची गरम हवा, बनियन पाठीला चिकटलेला, आणि समोर पडद्यावर ती निळी पट्टी. ऐंशी टक्के. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. आणि मग कुणीतरी कुठेतरी काहीतरी उघडायचं आणि पट्टी जागच्या जागी थांबायची. एखाद्या ड्रॉइंगचा संच पाठवायला तीन-तीन तास. मध्येच तुटलं तर पहिल्यापासून. माझ्या मनात तेव्हा जे शब्द यायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

वाटून घेण्यात एक मेख असते. पाण्याचं वाटप डोळ्यांसमोर असतं. सकाळी नळ आला की हंडे रांगेत लागायचे, कुणी दुसऱ्याची कळशी पायाने बाजूला सारली तर अख्खा मजला बाहेर यायचा आणि सारणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण निघायची. त्यामुळे कुणी सारत नसे. नेटचं तसं नव्हतं. वायर भिंतीवरून दिसायची, पण तिच्यातून कुणाकडे किती गेलं ते फक्त मला दिसायचं. राउटरचं एक पान होतं, पासवर्ड टाकला की उघडायचं. त्यात चार नावं मी इंग्रजीत टाइप केलेली, सावंत, गावडे, ब्रदर्स, जाधव. प्रत्येकापुढे एक चौकट. त्यात आकडा टाकला की त्या घराला त्याच्यापेक्षा जास्त वेग मिळायचा नाही. रिकामी ठेवली तर हवं तेवढं.

एप्रिलमधल्या एका रविवारी माझं अपलोड तिसऱ्यांदा तुटलं. मी रागाने ते पान उघडलं. जाधवांची ओळ सगळ्यांत वर होती, सकाळपासून ओढत होती. मी म्हटलं, बसले असतील सिनेमे बघत. आणि त्यांच्या पुढच्या चौकटीत, तिथे चालत होता तो सगळ्यांत छोटा आकडा टाकला. पान बंद केलं. माझी पट्टी सुळकन पुढे सरकली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या संध्याकाळी मी भजी आणली होती.

चारच दिवसांनी जिन्यात जाधव भेटले. हातात कलिंगड. म्हणाले, “सावंत, तुमच्या नेटमुळे आमचं लय मोठं काम झालं बघा. प्रज्ञाला क्लास नाय लावला. नेटवर कोण प्रोफेसर शिकवतात, त्यांचे व्हिडिओ बघून करते सगळं. रविवारी तर सकाळी बसली की जेवायलाच उठते. हल्ली जरा अडकतात म्हणते, पण चालायचंच.”

मी म्हटलं, “अरे वा.”

मी विसरलो होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. परीक्षा होती, काम होतं, उकाडा होता, राहून गेलं. आज लिहायलाच बसलोय तर लिहितो. विसरलो नव्हतो. वर जाऊन तो आकडा पुसायचा असं पायऱ्या चढता चढता ठरवलं होतं. खोलीत आलो, पट्टी बघितली, छान चालली होती. म्हटलं, हे काम जाऊ दे, मग काढू. त्या कामानंतर दुसरं आलं. एप्रिल गेला, मे गेला. अडकत अडकत व्हिडिओ बघून तिने सीईटी दिली. मार्क चांगलेच पडले. घराजवळच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल इतके. जाधवांनी मजल्यावर पेढे वाटले. माझ्या घरी दोन पेढे जास्त दिले, “नेटवाल्यांचे.”

मग ऑप्शन फॉर्म. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची आणि मुदतीच्या आत पक्कं करायचं. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. मीही त्या दिवशी रजा घेऊन घरी होतो, कारण माझाही एक संच पाचच्या आत जायचा होता. मजला अर्धा रिकामा. गावडेकाकी गावाला, त्यांच्या दाराला कुलूप. दोघे भाऊ कामावर.

पावणेचारला प्रज्ञा दारात आली. ओढणीने घाम पुसत. मागे जाधव, पहिली पाळी करून आलेले.

“काका, नेट एकदा बंद करून चालू करता का? पान उघडतच नाही. चार कॉलेजं भरली की बाहेर फेकतं. कालपासून सहा वेळा झालं.”

माझ्या पडद्यावर पट्टी एकसष्ट टक्क्यांवर होती. डबा बंद केला असता तर ती शून्यावर आली असती. मी म्हटलं, “माझं तर चालतंय की.”

जाधवांनी वाकून पडद्याकडे बघितलं. “हो, तुमचं पळतंय.”

“मग मोडेम ठीक आहे,” मी म्हटलं. आणि मग ते वाक्य बोललो. “तुमच्या वायरीतच काहीतरी असणार. लांब पण आहे ना ती. जॉइंट बघा एकदा.”

“काका, मग मी इथेच बसून भरू का? दहाच मिनिटं.”

तिला माझ्या खुर्चीत बसवायला काहीच हरकत नव्हती. अपलोड चालू असतानाही तिला फॉर्म भरता आला असता, हे मला माहीत होतं. पण तिने ब्राउझर उघडला असता आणि तिथे राउटरचं ते पान आधीपासून उघडं होतं. सकाळीच मी कोण किती ओढतंय ते बघितलं होतं. चार नावं, तीन रिकाम्या चौकटी आणि एका चौकटीत एक आकडा. ते पान त्या दोघांसमोर यायला नको, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

“अगं, हे मध्ये थांबलं तर पहिल्यापासून. वायर काय, बाबा आत्ता करतील.”

“हो हो, सावंतांचं काम कशाला अडवायचं,” जाधव म्हणाले. “जॅक गंजला असणार. पाच मिनिटांचं काम आहे.”

“बाबा, मी सायबरला पळते ना.”

“घरात वायर असताना सायबरला? काल दोन तास रांगेत उभी होतीस, मिळाला नंबर? थांब जरा. बाप इलेक्ट्रिशियन आहे तुझा.”

त्यांनी पेटी आणली आणि माझ्या टेबलाखाली वाकून वायरीच्या टोकाचा जॅक कचकन कापला. तो आवाज मला अजून येतो. चांगला धडधाकट जॅक. मी पायाशी बसलेल्या त्या माणसाकडे बघत होतो आणि पट्टी पासष्ट टक्क्यांवर गेली होती.

इथला नवा जॅक बसवून ते त्यांच्या टोकाकडे गेले. मी पान पुढे घेतलं, जाधवांपुढचा आकडा पुसला, सेव्ह केलं. सुटलो, असं वाटलं. आता त्यांनी पलीकडचा जॅक बसवला की नेट धावेल, पोरगी फॉर्म भरेल, ते म्हणतील जॅकच होता, संपला विषय. कुणाचंच काही बिघडणार नाही. इतका सोपा हिशेब.

पण गॅलरीतून पाढा ऐकू येत होता आणि तो चुकत होता. पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ धावत असताना आठ केसांएवढ्या तारा क्रमाने लावायच्या, तेही लेक शेजारी उभी असताना. पहिला जॅक वाया गेला. दुसराही गेला. पेटीत तिसरा नव्हता. ते बनियनवरच जिना उतरून बाजाराकडे धावले. मी दारातून डोकावलो. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती, वायरीचं उघडं टोक मुठीत धरून, रंग चुकू नयेत म्हणून. घड्याळात साडेचार होऊन गेले होते.

तेव्हाही हाक मारता आली असती. आता तर पान बंद केलं होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. पट्टी एक्क्याण्णववर होती. मी आत जाऊन बसलो.

चार बावन्नला माझं काम गेलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मग मी उठलो आणि म्हटलं, “प्रज्ञा, ये, इथे भर.” ती धावत आली. खुर्चीत बसली आणि टाइप करू लागली. पासवर्ड एकदा चुकला. पान उघडलं. त्या वेळी सगळ्या महाराष्ट्रातली पोरं तेच पान उघडत असणार. एक कॉलेज, दोन, पाच, आठ. पक्कं करायचं बटण दाबलं आणि पांढरा पडदा. गोल फिरतंय, फिरतंय. मग एक ओळ आली. मुदत संपली आहे.

ती रडली नाही. ती ओळ वाचत बसली.

तेवढ्यात गॅलरीच्या टोकाकडून जाधवांचा आवाज आला. “आलं! प्रज्ञा, नेट आलं! अरे काय पळतंय, बापरे! ये लवकर!” ते हसत हसत माझ्या दारापर्यंत आले. हातात पकड, कपाळावर घाम. तिला माझ्या खुर्चीत बघितलं. पडद्याकडे बघितलं. इंग्रजी त्यांना बेताचं यायचं, पण तेवढी ओळ कळली.

“म्हणजे वायरच होती,” ते हळूच म्हणाले. “माझाच जॉइंट खराब होता, सावंत. एवढे दिवस. पोरगी सांगत होती अडकतंय, अडकतंय.”

मी म्हटलं, “असू दे, जाधव. होतं असं.”

मी त्यांना क्षमा केली. हे लिहिताना हात थांबतो. ज्याचा काही गुन्हा नव्हता त्याला मी त्याच्या गुन्ह्याबद्दल क्षमा केली आणि त्याने मान डोलावून ती घेतली.

ज्या संचासाठी हे सगळं झालं, तो मागवणाऱ्या साहेबाने पुढच्या सोमवारपर्यंत उघडून बघितलादेखील नव्हता.

पुढच्या फेरीत ते कॉलेज उरलं नव्हतं. प्रज्ञाला मिळालं ते पनवेलच्याही पलीकडे, शाखा दुसरीच. चार वर्षं ती सकाळी सव्वापाचला घरातून निघायची. तिच्या सँडलचा आवाज माझ्या दारावरून जिन्याकडे जायचा. मी अंथरुणात जागा. मनीषा म्हणायची, “बिचारी, कुठे जाते एवढ्या लांब.” मी कूस बदलायचो.

जाधवांनी नोकरीतलं काम केलं, ते करावंच लागतं. पण चाळीत कुणाच्या बोर्डाला हात लावणं बंद केलं. “दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. माझा हात गेला आता.” गणपतीत मंडळाने बोलावलं तर आजारी आहे म्हणाले, रोषणाईला बाहेरचा माणूस आला. पेटी दोघा भावांना देऊन टाकली. आपली ती सरळ वायर मात्र चाळ पाडेपर्यंत तशीच ठेवली. नेट त्यातून झकास चालायचं. झकास चाललं की म्हणायचे, “तेव्हाच नीट केली असती तर.”

आणखी एक गोष्ट राहिली. चार नावं होती, मी त्यांचंच का निवडलं? त्या रविवारी त्यांची ओळ वर होती, हे खरं. पण दोघा भावांच्या खोलीत रोज रात्रभर सिनेमे उतरायचे, तेही मी त्याच पानावर बघितलं होतं. त्यांच्या चौकटीत आकडा टाकला नाही, कारण ते भांडायला आले असते. काकी आमच्या तालुक्यातल्या, त्यांना कसं करणार. जाधव भांडणार नव्हते. पण याच्याही खाली काहीतरी होतं. ओळ बघितल्यावर मनात उमटलेले शब्द ‘यांना कशाला लागतं एवढं?’ असे होते. त्यातला ‘यांना’ मला कुणी शिकवला नव्हता. आमच्या घरी कुणी वाईट बोलत नसे, जाधवांकडे चहा प्यायचो, जयंतीला त्यांच्या दारात उभे राहायचो. तरी तो ‘यांना’ घरात होता, कालवणातल्या मिठासारखा, दिसत नाही पण असतो. सिनेमेच बघत असतील, हे मी विचारून ठरवलं नव्हतं. मला ते आधीच माहीत होतं. हे लिहिणं मला त्या आकड्यापेक्षा जड जातंय.

आता आम्ही दोघंही याच टॉवरमध्ये. मी एक हजार चार, ते माझ्या बरोबर खाली, नऊशे चार. फोनवर वाय-फायची यादी उघडली की आमच्या नावाखालीच त्यांचं दिसतं, इंग्रजीत ‘जाधव ९०४’, पुढे कुलपाचं चिन्ह. कनेक्शन प्रज्ञाने घेऊन दिलंय. तिचं सगळं छान चाललंय, चांगली नोकरी, ठाण्याला घर, लहान मुलगा. याचा मला आनंद आहे. पण तिचं चांगलं झालं हे माझ्या काही उपयोगाचं नाही. ते तिने केलं.

गेल्या गुरुवारी जाधव दारात आले. निवृत्त झालेत, गुडघे दुखतात, एक मजला चढायलाही लिफ्ट लागते. सोहम टेबलाशी याद्या पसरून बसला होता.

“ऑप्शन फॉर्म ना रे? कधी आहे शेवटची तारीख?”

“परवा, काका.”

“मग आज भर. शेवटच्या दिवसावर ठेवू नको. आणि घरच्या वायरीवर भरवसा नको, बाहेर जाऊन भर.”

सोहम हसला. “काका, आता वायर कुठे असते? हवेतून येतं.”

“हवेतून येऊ दे नायतर पाण्यातून. आमच्या प्रज्ञाचं गेलं ना माझ्यामुळे.” ते सहज म्हणाले. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य होतं की त्याला आता धार उरली नव्हती. मग माझ्याकडे वळले. “सावंत, तुम्हाला आठवत असेल.”

मनीषा चहा घेऊन आली होती. सोहमने मान वर केली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “आठवतं.”

जाधवांनी चहा घेतला. जाताना भिंतीवरच्या डब्याजवळ थांबले, हिरवे दिवे बघितले. त्यांचा हात खिशाकडे गेला, टेस्टर असायचा त्या खिशाकडे. खिसा रिकामा होता. “चांगलं चालतंय,” म्हणाले आणि गेले.

सोहमने त्याच संध्याकाळी फॉर्म पक्का केला. चार मिनिटं लागली. मी मागे उभा होतो. त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही एवढे घामाघूम का झालात?”

जाधवांना मला सांगायचं आहे की त्यांची वायर पहिल्या दिवसापासून चांगली होती. त्यांचा हात गेला नव्हता. आकडा मी टाकला होता, आणि पुसला तोही त्यांची वायर कापून झाल्यावर. प्रज्ञाची माफी मला वेगळी मागायची आहे, आणि त्या ‘यांना’बद्दल दोघांची. हे आम्ही तिघं एका खोलीत असताना सांगायचं आहे, कारण बाप-लेकीत इतकी वर्षं जे वाक्य पडून आहे ते मी तिथे ठेवलेलं आहे आणि तिथून ते मीच उचलायला हवं. ती रविवारी नऊशे चारमध्ये येते. आजवर बरेच रविवार गेले. हे देणं अजून माझ्याकडेच आहे.